डाव्या कोपऱ्यातली माणसं

जॉन गास्टचं ‘अमेरिकन प्रोग्रेस’ हे चित्र एकदा पाहिलं की विसरता येत नाही. पांढरी झुळझुळीत वस्त्रं नेसलेली एक भव्य स्त्री जमिनीपासून वर, हवेतून तरंगत चालली आहे. कपाळावर चांदणी, उजव्या हातात शाळेचं पुस्तक, आणि डाव्या हाताने ती टेलिग्राफची तार उलगडत नेते आहे. खाली तिच्या सोबतीने आगगाड्या, घोड्यांची डाकगाडी, कापडी छताची प्रवासी गाडी, सोनं शोधायला निघालेली माणसं, नांगर धरलेले शेतकरी. सगळ्यांची दिशा एकच, उजवीकडून डावीकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे. उजव्या बाजूला नदी, जहाजं आणि शहरावर पसरलेला लख्ख उजेड. डावीकडे जावं तसा काळोख दाटत जातो. त्या काळोखात बायसनचा कळप, एक अस्वल आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी पळताहेत. पळता पळता मागे वळून त्या बाईकडे बघताहेत.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेने पश्चिमेकडे जो विस्तार केला, त्याचं हे सर्वांत जास्त छापलं गेलेलं चित्र असावं. अमेरिकेतल्या शाळांच्या इतिहासाच्या पुस्तकांत ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. आज कुणालाही ते हाताने रंगवलेल्या तैलचित्राच्या रूपात मागवता येतं. माप सांगायचं, पैसे भरायचे, काही आठवड्यांत कॅनव्हासची गुंडाळी घरी येते.

आणि माप सांगताना बहुतेकांना एक गोष्ट माहीत नसते. १८७२ साली रंगवलेलं मूळ चित्र फक्त २९ सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या ए-थ्री कागदापेक्षाही किंचित लहान. लॉस एंजेलिसच्या ऑट्री संग्रहालयात ते आहे. ज्या चित्रात अख्खा खंड मावला आहे, ते दोन्ही हातांत सहज धरता येईल एवढंच आहे.

दिवाणखान्याच्या भिंतीसाठी कुणी तीन फूट बाय चार फूट प्रत मागवली, की नक्कल मुळाच्या साडेनऊ पट क्षेत्रफळाची होते. मूळ चित्रात नखाएवढी असलेली माणसं बोटाएवढी होतात. गास्टने ज्या चेहऱ्यावर कुंचल्याचे दोन-तीन ठिपके दिले, तिथे आता डोळे कुठे, ओठ कसे, भीती किती, हे नक्कल करणाऱ्याला ठरवावं लागतं. मुळात जे नाहीच, ते त्याला आणावं लागतं. शिवाय मूळ चित्राची रुंदी उंचीच्या १.३७ पट आहे, तर तीन बाय चारच्या चौकटीत ती १.३३ पट होते. चित्र न ताणता बसवायचं तर बाजूचा तीन सेंटिमीटर भाग कापावा लागतो. चौकटीच्या लाकडावर कॅनव्हास दुमडून ठोकला, तर आणखी थोडा कडेला जातो. या चित्राच्या डाव्या कडेला कोण आहे, ते आपण पाहिलंच.

नक्कल म्हणजे फक्त पुन्हा काढणं, असं आपण समजतो. या विस्ताराच्या चित्रांची गोष्ट पाहिली की लक्षात येतं, तो इतिहास लोकांच्या मनात बसवला तो नकलांनीच. मूळ चित्रं फार थोड्यांनी पाहिली. आणि दर नकलेत कुणाच्या तरी हाताने काही मिळवलं, काही गाळलं.

गास्टचं चित्र तर जन्मालाच आलं ते नकलेसाठी. गास्ट हा प्रशियात जन्मलेला, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये राहणारा चित्रकार आणि शिळाछापाचा कारागीर. त्याला हे काम दिलं जॉर्ज क्रॉफट या प्रकाशकाने. १८६९ च्या मे महिन्यात पूर्व आणि पश्चिम किनारा जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला आणि त्याच वर्षी क्रॉफटचं रेल्वे-प्रवासाचं मार्गदर्शक पुस्तक बाजारात आलं. पश्चिमेकडे जाणारे प्रवासी आणि वसाहतकार वाढले, तर त्याचा धंदा वाढणार होता. चित्रात काय काय असावं, हे त्यानेच गास्टला सांगितलं. मग त्याच्या रंगीत छापील प्रती काढून आपल्या नियतकालिकाच्या वर्गणीदारांना देऊ केल्या, आणि पुस्तकांत त्याची रेखाकृती छापली. म्हणजे ज्या चित्राकडे आज राष्ट्राच्या स्वप्नाचं प्रतीक म्हणून पाहिलं जातं, ते पर्यटनाच्या पुस्तकवाल्याने वर्गणीदारांच्या भेटीसाठी करवून घेतलेलं चित्र आहे. एवढं लहान का, त्याचा उलगडा इथे होतो. ते भिंतीसाठी नव्हतंच, छापखान्यासाठी होतं.

त्या काळी रंगीत चित्र छापायचं म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने त्या रंगापुरतंच चित्र काढायचं. दगड ओला केला की तेलकट भाग पाणी घेत नाही, पण शाई घेतो. एकच कागद एकामागून एक दहा-पंधरा दगडांवर, दर वेळी केसाचाही फरक न पडता बसवायचा, तेव्हा कुठे पूर्ण चित्र उमटे. आपल्याकडे राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचवल्या, त्या याच तंत्राने, आणि तिथेही यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले होते. अमेरिकेतही या कलेत जर्मन माणसांचाच वरचष्मा होता. रविवर्म्याच्या छापील देवी पाहताना आपल्या आजीला जसं मूळ तैलचित्र कुठे आहे असा प्रश्न कधी पडला नाही, तसंच क्रॉफटच्या वर्गणीदारांचं झालं असणार.

पण गास्टच्याही आधी, १८६८ मध्ये, याच विषयावरचं एक चित्र न्यूयॉर्कच्या करियर अँड आइव्ह्‌ज या प्रसिद्ध छापखान्याने काढलं होतं. ‘अक्रॉस द कॉन्टिनेंट’ हे त्याचं नाव. ते काढलं फॅनी पामर नावाच्या बाईने. इंग्लंडमधल्या लेस्टर इथे जन्मलेली ही चित्रकर्ती नवरा-मुलांसह न्यूयॉर्कला आली आणि कुटुंब पोसण्यासाठी वर्षानुवर्षं छापखान्यासाठी चित्रं काढत राहिली. तिच्या हातची जवळपास दोनशे चित्रं या छापखान्याने छापली. या चित्रात लोहमार्गाची सरळ रेघ कागद तिरका कापत क्षितिजाकडे जाते. रेघेच्या डाव्या बाजूला लाकडी घरं, शाळा, झाडं तोडणारी, खोदकाम करणारी माणसं. उजव्या बाजूला मोकळं रान, आणि इंजिनाच्या काळ्या धुरात सापडलेले दोन घोडेस्वार, तिथले मूळ रहिवासी. डब्यावर न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी पाटी आहे. चित्र आलं तेव्हा तो मार्ग पूर्ण व्हायला एक वर्ष बाकी होतं, आणि पामर स्वतः कधी पश्चिमेकडे गेली नव्हती. न पाहिलेल्या प्रदेशातली न धावलेली गाडी तिने काढली, आणि लोकांना ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटली.

या छापखान्याची बरीचशी चित्रं एकाच दगडावरून काळ्या शाईत छापली जात आणि रंग मागाहून हाताने भरले जात. रंग भरणाऱ्या दहा-बारा तरुण मुली एका लांब टेबलाभोवती बसत. त्यातल्या बहुतेक जर्मन स्थलांतरितांच्या घरच्या. टेबलाच्या मध्यभागी नमुन्याची रंगवलेली प्रत उभी केलेली असे. प्रत्येकीकडे एकच रंग. एकीने आकाशाचा निळा दिला की कागद पुढच्या हातात, तिने झाडांचा हिरवा दिला की त्यापुढच्या. शेवटी एक जाणती बाई सगळ्यावर हात फिरवून उणंदुणं पुरं करी. लहान चित्रं काही सेंटांना, मोठी एक ते तीन डॉलरला विकली जात. हा छापखाना १८३४ पासून १९०७ पर्यंत चालला आणि त्याने सात हजारांहून अधिक वेगवेगळी चित्रं काढली.

मला या टेबलाचं फार अप्रूप वाटतं. अमेरिकन घराच्या भिंतीवर जो पश्चिमेचा प्रदेश लागला, त्याचं आकाश कुणी रंगवलं होतं? नुकत्याच बोटीने आलेल्या कुटुंबातल्या, नावही न उरलेल्या मुलींनी. हाताने रंग भरल्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात. एकीतला धूर जरा दाट, दुसरीतला फिका. त्या धुरातच तर ते दोन घोडेस्वार आहेत. ते किती दिसावेत, हे एका मुलीच्या कुंचल्यातल्या पाण्यावर ठरत होतं.

वॉशिंग्टनला अमेरिकन संसदेच्या इमारतीत, प्रतिनिधिगृहाच्या बाजूच्या जिन्यावर, इमॅन्युएल लॉइत्सेचं भिंतभर चित्र आहे. वीस फूट उंच, तीस फूट रुंद. डोंगरखिंड चढून आलेला स्थलांतरितांचा तांडा, गाड्या, खेचरं, दमलेल्या बाया, आणि समोर पसरलेला सोनेरी पश्चिमप्रदेश. लॉइत्से जन्माने जर्मन. वीस हजार डॉलरचा करार घेऊन त्याने १८६१ मध्ये हे काम हाती घेतलं. त्यासाठी तो डोंगराळ पश्चिमेचा प्रवास करून आला, गिलाव्यावर रंग देऊन सिलिकेटच्या द्रावणाने ते पक्के करण्याची पद्धत जर्मनीत शिकून आला, आणि १८६२ च्या अखेरीस चित्र पूर्ण केलं. बाहेर यादवी युद्ध पेटलेलं होतं.

भिंतीवर चढण्यापूर्वी त्याने कॅनव्हासवर तैलरंगात एक कच्चा आराखडा केला होता. तो आता स्मिथसोनियनच्या कलासंग्रहालयात आहे. आराखडा आणि भिंत शेजारी ठेवून पाहिली की एक माणूस जास्तीचा सापडतो. भिंतीवरच्या चित्रात, खाली, अगदी लक्ष जाईल अशा जागी, एक कृष्णवर्णी तरुण खेचराचा लगाम धरून चालतो आहे. खेचरावर एक गोरी आई आणि तिचं मूल. आराखड्यात हा तरुण नाही. गुलामीच्या प्रश्नावर देश दुभंगलेला असताना लॉइत्सेने तो संसदेच्या भिंतीवर आणला.

आता नक्कल करणाऱ्याचा विचार करा. भिंत हलवता येत नाही, ती कुठे प्रदर्शनाला जात नाही. आराखडा मात्र कॅनव्हासवर आहे, त्याची स्वच्छ, सपाट, उत्तम छायाचित्रं सहज मिळतात. दोन्ही चित्रांचं नाव जवळजवळ एकच. आराखड्यावरून नक्कल केली, तर तो तरुण तुमच्या भिंतीवर येतच नाही, आणि काही राहून गेलं हे कळतही नाही. म्हणून ‘कुठल्या चित्रावरून’ हा प्रश्न नकलेच्या धंद्यात ‘केवढ्याला’ या प्रश्नाच्या आधी विचारला पाहिजे.

अल्बर्ट बीअरश्टाटची भलीमोठी निसर्गचित्रंही याच विषयातली. त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो. सूर्यास्ताकडे जाणाऱ्या तांड्याचं चित्र त्याने १८६७ मध्ये काढलं आणि १८६९ मध्ये तेच लहान मापात स्वतःच पुन्हा रंगवलं. म्हणजे पहिली नक्कल चित्रकाराचीच. आणि कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतांचं त्याचं गाजलेलं चित्र त्याने रंगवलं ते रोममधल्या स्टुडिओत.

आतापर्यंतच्या चित्रांत मूळ रहिवासी कोपऱ्यात होते, धुरात होते. पण त्यांना चित्राच्या मधोमध बसवणारीही चित्रं होती, आणि हाताने केलेल्या नकलेचं मोल तिथे वेगळंच दिसतं.

१८२० च्या दशकात वेगवेगळ्या जमातींची शिष्टमंडळं तहाच्या बोलण्यांसाठी वॉशिंग्टनला येत. सरकारी अधिकारी थॉमस मॅकेनी याने या पाहुण्यांची व्यक्तिचित्रं चार्ल्स बर्ड किंग या चित्रकाराकडून काढून घ्यायला सुरुवात केली. ही माणसं आणि त्यांचं जगणं नाहीसं होणार, निदान चेहरे तरी राहावेत, अशी त्याची धारणा होती. ज्या सरकारच्या धोरणामुळे ते नाहीसं होणार होतं, त्याच सरकारचा तो नोकर होता, आणि हे त्याच्या कामावरचं सावट कधी हटत नाही. पुढे या चित्रांचा छापील ग्रंथ काढायचं ठरलं, तेव्हा हेन्री इनमन या चित्रकाराने किंगच्या शंभराहून अधिक चित्रांच्या तैलरंगात नकला केल्या, म्हणजे शिळाछापाच्या कारागिरांना त्यांवरून दगडावर काढता यावं. १८३६ ते १८४४ या काळात तो ग्रंथ तीन खंडांत निघाला. त्यात हाताने रंगवलेली १२० चित्रं होती.

किंगची मूळ चित्रं फिरत फिरत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आली. २४ जानेवारी १८६५. थंडीचे दिवस. चित्रदालनात तात्पुरती शेगडी बसवताना कामगारांनी तिचं धुराडं धुराच्या नळीऐवजी भिंतीतल्या पोकळ जागेत सोडलं. छताखाली आग धुमसत राहिली आणि त्या दिवशी भडकली. किंगची जवळपास सगळी चित्रं गेली. त्यांच्याबरोबर जॉन मिक्स स्टॅन्ली या दुसऱ्या चित्रकाराची, पश्चिमेत हिंडून काढलेली दीडशेच्या आसपास चित्रंही गेली. त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली.

किंगची चित्रं आज आपण पाहतो ती इनमनच्या नकलांतून. छापखान्याची सोय म्हणून केलेल्या नकला मुळाच्या जागी जाऊन बसल्या. त्यांतली एक मला सगळ्यांत मोलाची वाटते. सिक्वोया हा चेरोकी जमातीचा कारागीर. त्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हतं. गोऱ्या लोकांचे कागद बोलतात, हे पाहून त्याने आपल्या भाषेसाठी लिपी घडवायला घेतली आणि १८२१ मध्ये ती पुरी केली. आपल्या बाराखडीसारखी, एकेका अक्षराला एकेक उच्चार असलेली, ऐंशीहून अधिक चिन्हांची. थोड्याच वर्षांत त्या लिपीत वर्तमानपत्र निघू लागलं. चित्रात तो डोक्याला फेटा गुंडाळून बसला आहे, हातात स्वतःच्या लिपीचा तक्ता धरून. किंगने १८२८ मध्ये त्याला समोर बसवून काढलेलं मूळ चित्र आता नाही. इनमनची नक्कल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे. चेरोकी लोकांना १८३८-३९ मध्ये लष्कराच्या पहाऱ्यात त्यांच्या भूमीतून हुसकून पश्चिमेला पाठवलं, वाटेत हजारो मेले. गास्टच्या चित्रातलं ते पळणं हे रूपक नव्हतं.

जॉर्ज कॅटलिनची गोष्ट याच्या उलट. १८३० च्या दशकात त्याने मैदानी प्रदेशात हिंडून पाचशेच्या आसपास चित्रं काढली. ती घेऊन युरोपात प्रदर्शनं केली, कर्जात बुडाला, आणि १८५२ मध्ये सगळा संग्रह फिलाडेल्फियाच्या एका धनकोकडे गेला. पन्नाशी उलटलेल्या कॅटलिनने जुन्या रेखाटनांवरून ती चित्रं पुन्हा रंगवायला घेतली. स्वतःच्याच चित्रांच्या स्वतःच नकला, शेकड्यांनी. १८७२ मध्ये, गास्टचं चित्र झालं त्याच वर्षी, कॅटलिन वारला. पुढे १८७९ मध्ये धनकोच्या वारसांनी मूळ संग्रह स्मिथसोनियनला दिला. नकलांचा मोठा वाटाही आता वॉशिंग्टनच्याच नॅशनल गॅलरीत आहे. दोन्ही चित्रं एका शहरात पाहता येतात. तरुण हाताने समोर बसलेल्या माणसाचं काढलेलं, आणि म्हाताऱ्या हाताने आठवून काढलेलं.

हे वाचताना मराठी माणसाला अजिंठा आठवल्याशिवाय राहणार नाही. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर भित्तिचित्रांच्या नकला केल्या. लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या त्या नकला १८६६ च्या डिसेंबरातल्या आगीत जळाल्या, स्मिथसोनियनच्या आगीनंतर दोनच वर्षांच्या आत. मग १८७२ मध्ये, पुन्हा तेच साल, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले आणि तेरा वर्षं खपून त्यांनी सगळं पुन्हा रंगवलं. त्यातलाही मोठा भाग १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेला. तिकडे मूळ जळून नक्कल वाचली, इकडे नकला जळून मूळ राहिलं. आणि त्या मुळालाही नकलेची किंमत मोजावी लागली. रंग उठून दिसावेत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी भिंतींवर व्हार्निश चढवलं, ते पुढे पिवळं पडलं, त्याचे पापुद्रे सुटू लागले आणि सोबत रंगही ओढू लागले.

संग्रहालयात चित्रासमोर बसून नक्कल करण्याची रीत जुनी आहे. पॅरिसच्या लूव्रमध्ये ती १७९३ पासून आहे, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १८७२ पासून. लूव्रचा नियम असा की नक्कल मुळाच्या मापाची असता कामा नये, किमान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी हवी, आणि मूळ चित्रकाराची सही काढायची नाही. बनावट आणि नक्कल यांतली सीमारेषा एवढीच आहे. नक्कल करणारा स्वतःला लपवत नाही.

कधी कधी तो स्वतःला मुद्दाम पुढेही आणतो. केंट मंकमन हे कॅनडातले क्री जमातीचे चित्रकार. त्यांनी बीअरश्टाटसारख्यांची निसर्गचित्रं मोठ्या मापात, जुन्या धाटणीत, विलक्षण कौशल्याने पुन्हा रंगवली आणि त्यांत आपली माणसं पुढे आणून बसवली. २०१९ मध्ये मेट्रोपॉलिटनने आपल्या प्रवेशदालनासाठी त्यांच्याकडून दोन प्रचंड चित्रं करवून घेतली. त्यांतल्या एकाची मांडणी लॉइत्सेच्याच ‘डेलावेअर ओलांडणारा वॉशिंग्टन’ या त्याच संग्रहालयातल्या चित्रावरून घेतली आहे. नाव तीच, लाटा तशाच, पण नावेत उभं आहे ते क्री नेतृत्व, आणि वल्ही मारणारेही मूळ रहिवासी. जुनी मांडणी नीट हातात बसल्याशिवाय हे करता येत नाही. आधी हुबेहूब नक्कल यावी लागते.

मूळ चित्रांचा जोरही कमी झालेला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने गास्टचं ‘अमेरिकन प्रोग्रेस’ अभिमानाचा वारसा म्हणून समाजमाध्यमावर टाकलं आणि त्यावर मोठा वाद झाला. दीडशे वर्षांपूर्वीची वर्गणीदारांची भेट आजही कामाला लावली जाते.

आज हे चित्र हाताने रंगवून पाहिजे असेल तर ते बहुधा चीनमध्ये रंगवलं जातं. ग्वांगडाँग प्रांतातल्या शेनझेन शहरात डाफेन नावाची वस्ती आहे. १९८९ मध्ये ह्वांग ज्यांग हा हाँगकाँगचा चित्रव्यापारी काही चित्रकार घेऊन तिथे आला, आणि पाहता पाहता हजारो चित्रकारांचं ते गाव झालं. तिथे कारखान्याच्या पट्ट्यावर एक जण झाडं, दुसरा आकाश, तिसरा डोळे रंगवतो, अशी समजूत जगभर आहे. विनी वाँग या संशोधक तिथे राहून, तिथल्या चित्रकारांबरोबर काम करून आल्या. २०१३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ती समजूत बरीचशी खोडून काढली. बहुतेक चित्रकार आपल्या भाड्याच्या खोलीत किंवा गल्लीतल्या भिंतीशी एकट्याने अख्खं चित्र करतात.

ग्वांगडाँग हे नाव या गोष्टीत पहिल्यांदा येत नाही. गास्टच्या आणि पामरच्या चित्रांत मिरवणारा तो लोहमार्ग पश्चिमेकडून बांधत आणला सेंट्रल पॅसिफिक कंपनीने, आणि तिच्यासाठी खपले किमान दहा हजार चिनी मजूर. त्यांतले बहुतेक याच ग्वांगडाँग प्रांतातून गेलेले. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमध्ये त्यांनी सुरुंग लावून बोगदे खोदले, बर्फाच्या कड्यांखाली गाडले गेले. चित्रांत ते कुठेच नाहीत. गास्टच्या उजेडातही नाहीत आणि काळोखातही नाहीत. १८८२ मध्ये तर कायदा करून चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद करण्यात आली. ज्या प्रांताच्या माणसांना चित्रात जागा मिळाली नाही, त्याच प्रांतात आता ते चित्र चौकटी टाकून, रेघ न्‌ रेघ मोजून, हाताने उतरवलं जातं.

चौकटी टाकणं म्हणजे आपल्याकडे ड्रॉइंगच्या तासाला शिकवतात तेच. छायाचित्रावर सारख्या चौकोनांची जाळी आखायची, कॅनव्हासवर तेवढेच चौकोन मोठ्या मापात आखायचे, आणि एकेका चौकोनातलं एकेक वळण उतरवत जायचं. घाईचं काम असेल तर प्रोजेक्टर लावतात. मग तपकिरी-मातकट पातळ रंगात छाया-प्रकाश मांडून घ्यायचा, तो वाळला की त्यावर रंगांचे थर. तैलरंगाचा एक थर नीट वाळायला दिवस लागतात, म्हणून पाच दिवसांत तयार होणाऱ्या चित्रात थर नसतात, एकाच ओल्यात सगळं उरकलेलं असतं. हे जाणत्याला दुरून ओळखू येतं. गास्टच्या आकाशातला मधासारखा उजेड तर थरांशिवाय येतच नाही. शिवाय त्याच्या काळी पांढरा रंग शिशाचा असे, उबदार आणि किंचित पारदर्शक. आजचा टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकात आला. तो थंड आणि झाकून टाकणारा असतो. जरा जास्त पडला की त्या बाईची वस्त्रं खडूने माखल्यासारखी दिसतात.

छापील चित्राला हाताने केलेलं म्हणून खपवणं हे आता सर्रास चालतं. कॅनव्हासवर छापून वर पारदर्शक जेलचे फटकारे मारतात, म्हणजे बोटाला उंचवटे लागतात. भिंग घेऊन पाहावं. छपाईत रंगाचे बारीक ठिपके दिसतात आणि उंचवट्याचा मेळ खालच्या आकाराशी बसत नाही. खऱ्या कुंचल्याचा फटकारा आकाराबरोबर वळतो. आणि कॅनव्हास पाठीमागून उजेडाकडे धरावा. हाताने रंगवलेल्यात कुठे रंग दाट, कुठे विरळ, असा उजेड कमी-जास्त येतो.

तैलचित्राची एक जुनी रीत चांगले कारागीर अजून पाळतात. गडद भाग आधी, पातळ रंगात. उजेड शेवटी, दाट रंगात. उलट केलं तर काळपट रंग उजळ रंगात मिसळून दोन्ही मळतात. त्यामुळे ‘अमेरिकन प्रोग्रेस’ रंगवायला बसलेला माणूस त्या तरंगणाऱ्या बाईपासून सुरुवात करत नाही. तिची पांढरी वस्त्रं, कपाळावरची चांदणी, उगवतीचं आकाश हे सगळं शेवटच्या दिवसांचं काम. पहिल्या दिवशी तो डावीकडच्या खालच्या चौकोनांपाशी बसतो. तपकिरी रंगात कुंचला बुडवतो, आणि मागे वळून बघणारी ती माणसं, एकेक करून, काढायला लागतो.